पुढचं वजन

रबाळ्याच्या गाळ्यात, माझ्या लेथच्या डाव्या हाताला
तीन डबे: ॲल्युमिनियम, पितळ, स्टेनलेस.
ड्रॉइंगवर लिहिलंय इन्सर्ट.
बाणाच्या पोकळ काडीत पुढून बसवायचा,
मग त्याच्या आट्यांत पातं फिरवायचं.
माल समुद्रापलीकडे जातो,
जिथे परवाना काढून हरणं मारता येतात.
मी तो बाण कधी पाहिलेला नाही.
मला ठाऊक आहे फक्त त्याच्या आतला पाऊण इंच.

पडवळकर म्हणतात, हिरू, गिऱ्हाईक मागेल तो धातू,
आपण कशाला डोकं चालवायचं?
तरी चालतं.
ॲल्युमिनियम वीस ग्रेन, लोण्यासारखं कापलं जातं,
हाडावर आपटलं की तोंड वाकडं करतं.
स्टील हट्टी, टूल खातं, पण शब्द पाळतं.
पितळ पंचाहत्तर, कधी शंभर,
त्याचा किस उडून वेणीत बसतो,
रात्री उशीवर चमकतो.

ड्रॉइंग अर्धा ग्रेन माफ करतं, त्याहून नाही.
गेल्या महिन्यात एक पितळी नग
तीन ग्रेन जास्त भरला.
भंगाराच्या टोपलीतून, विचारून,
मी तो येऊरला आजाकडे नेला.

आजाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
त्याने नग दाताखाली धरला,
तळहातावर ठेवला, हात वरखाली केला.
"पन्नासावर चार-पाच गुंजा."
मी मोबाइलवर हिशेब केला.
पंचावन्न.
मी काही बोलले नाही, तोही नाही.

मग म्हणाला, ही तर खुंटी.
मेसाच्या काठीत पुढे ठोकायची.
पाखराला पांगाऱ्याची. डुकराला खैराची.
मेणात राळ घालून बसवायची,
अन् बाण नखावर फिरवून बघायचा,
थरथरला तर पुन्हा चुलीशी.
आम्हीपण फिरवतो, मी म्हटलं, डायलखाली.
"तुमच्या नखाला काटा असेल," म्हणाला, आणि हसला.

"हलका चांगला की जड, आजा?"

"जड बाण लवकर मान टाकतो.
लांबून जमत नाही, वीस पावलांवर जावं लागतं,
त्याचा वास आपल्याला येईल इतकं.
तिथवर गेलं की निम्म्या वेळा
हात आपसूक खाली येतो."

"आणि हलका?"

"हलका लांबून लागतो.
लागतो, अन् जनावर त्याला पोटात घेऊन पळतं.
एक भेकर मी दोन दिवस हुडकलं."

मी वाट पाहिली. पुढचं त्याने सांगितलं नाही.
मागच्या जंगलात आता चौकी आहे, पाटी आहे,
रविवारी बूट घालून माणसं पक्षी बघायला येतात.
धनुष्याचं काय झालं, मी विचारलं नाही.
चुलीनेच खाल्लं असेल.

सोमवारी पडवळकर आले, हातात दोन पाकिटं.
नवं गिऱ्हाईक विचारतंय, नमुना कोणता पाठवू,
वीसचा की शंभरचा?
मी म्हटलं, शंभरचा.
का गं?
मी टूलची धार बघत राहिले.
"पितळ दिसायला बरं."

नग आजाने परत दिला नाही.
परवा गेले तर काकाच्या नव्या मोरीची भिंत चालू होती,
आणि दोरीला तो बांधलेला, ओळंबा म्हणून,
अगदी न हलता, सरळ खाली बघत.

भिंत मात्र वाकडीच आली आहे.
काका म्हणतो, दोष वजनाचा.